पहिल्या नंबरावरचं उत्तर

आमच्या घरात सकाळ कोकरांच्या ओरडण्यानं व्हायची. दुधासाठी त्यांनी एकदा सूर धरला की पत्र्याच्या त्या दोन खोल्यांत झोपून राहायची कोणाची बिशाद नव्हती. आई तोवर चुलीपुढं बसलेली असायची. हुलग्याचं माडगं रटरटत असायचं, त्याचा वास धुराबरोबर अंथरुणापर्यंत यायचा, आणि बाहेर आबा मेंढरांच्या पाठीवरून हात फिरवत, एकेकीला नावानं शिव्या देत हिंडत असायचे. माझे आबा म्हणजे निमगाव साव्याचे धोंडीभाऊ. आजोबांपर्यंत आमची माणसं मेंढरांमागं पार कोकणात उतरायची. आबांच्या काळात थोडी जमीन झाली, घर झालं, बिऱ्हाड घोड्यावरून खाली उतरलं, पण मेंढरं काही सुटली नाहीत. मी शेतीच्या कॉलेजात गेले. माझ्याआधी आमच्या भावकीत कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, ना मुलगी ना मुलगा. हे मी मिरवायला लिहीत नाही असं म्हणणार होते, पण खोटं कशाला बोलू? मिरवायलाच लिहिते आहे.

मेंढरं बसवणं म्हणजे काय हे आताच्या पोरांना सांगावं लागतं, म्हणून सांगते. बाजरी निघाली की शेतकरी मेंढरवाल्याला बोलावतो. दिवसभर कळप त्याच्याच रानात चरतो, आणि सांजेला त्याच्या मोकळ्या वावरात वाघर लावून, म्हणजे दोरीच्या जाळीचं कुंपण घालून, मेंढरं आत बसवतात. रात्रभर त्यांच्या लेंड्या आणि मूत त्या जागेवर पडतं. दुसऱ्या दिवशी वाघर पुढं सरकते. असं करत सगळं वावर बसवून झालं की नांगर फिरतो, आणि मग त्यात कांदा लागतो. मेंढरवाल्याला धान्य मिळतं, थोडे पैसे मिळतात, आणि सगळ्यात मोठं म्हणजे मेंढरांना चारा मिळतो. बसवायला वावर नाही तर चरायला रान नाही. आमचा सगळा संसार या एका गोष्टीवर उभा होता. लहानपणी मला वाटायचं, सगळ्या जगाचाच असा उभा असेल.

पिंपळवंडीच्या सोपानरावांकडं आबा माझ्या जन्माच्या आधीपासून मेंढरं बसवत होते. बागायतदार माणूस, मळ्यात पक्कं घर, दारात ट्रॅक्टर, पण आबा गेले की स्वतः उठून घोंगडी टाकायचे. माझ्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आबांनी मला मोटरसायकलवर मागं बसवून नेलं. दिवस ठरवून यायचं, एवढंच काम. सोपानरावांच्या बायकोनं, मंदाकाकूंनी, चिवड्याची ताटली पुढं ठेवली. चहा आला. आणि त्यांचा मुलगा विकास, चाकणला कंपनीत लागलेला, सुट्टीवर आलेला, मोबाइल खालीवर करत म्हणाला, "काका, यंदा मेंढरं नको."

आबा हसले. त्यांना वाटलं, पोरगं चेष्टा करतंय. "का रं बाबा? मेंढरांनी तुझं काय घोडं मारलं?"

"चेष्टा न्हाई काका. नेटवर आलंय. मेंढरांच्या खतानं कांद्याला मूळकूज व्हती, तण माजतं, जमीन नासती. हे बघा ना, सर्च केलं की पहिल्याच नंबराला येतंय."

त्यानं मोबाइल आबांपुढं धरला. आबांना वाचता येत नव्हतं हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी तो हातात घेतला, थोडा लांब धरून बघितल्यासारखं केलं आणि माझ्याकडं दिला. "वाच गं सुरेखा." मी वाचलं. विकास सांगत होता तसंच होतं, अगदी शब्दशः. आबांनी सगळ्यांच्या देखत मला विचारलं, "तू शेतीचंच शिकती ना? मंग सांग, खरं हाय का ह्ये?"

आणि मला सांगता आलं नाही. तीन वर्षं शिकत होते. मातीचे प्रकार पाठ, खतांची टक्केवारी पाठ, आणि ज्या खतावर मी जेवून मोठी झाले त्याबद्दल माझ्याकडं एक धड वाक्य नव्हतं. सोपानराव कपातल्या चहाकडं बघत म्हणाले, "धोंडीभाऊ, माझं काय न्हाई, पण पोरगं आता कारभार बघतं." परतीच्या वाटेवर आणखी दोन ठिकाणी थांबलो. तिथंही तेच, कारण ते पान तोवर व्हॉट्सॲपवर गावभर फिरलं होतं. घरी आल्यावर आबा जेवले नाहीत. आईनं भाकरी झाकून ठेवली. अंगणातून त्यांचा आवाज आला, "बसवायचीच न्हाईत तर पाळायची कशाला? पुढल्या महिन्यात चाकणच्या बाजाराला घालतो सगळी." आई कोकरांना आत घेताना त्यांच्याशी जरा जास्त वेळ बोलत बसली.

मी तेव्हा अवसरी खुर्दला खोली घेऊन राहत होते. माझं कॉलेज तिथून जवळ, आणि खोलीतली जोडीदारीण रेश्मा तिथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात. गावात पोरींच्या खोल्या, झेरॉक्सची दुकानं, वडापावच्या गाड्या, आणि त्यांच्या मागं लगेच ऊस. रेश्माकडं लॅपटॉप होता. मी सुट्टी संपायच्या आत परत आले आणि त्या लॅपटॉपसमोर बसले. मी पहिल्यांदा काय शोधलं असेल? "मेंढीच्या खताचे फायदे." भराभर पानं आली. फायदेच फायदे, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी पिशवीबंद खत विकणाऱ्याचा नंबर. मला हर्ष झाला. मग म्हटलं, विकाससारखं करून बघू, आणि टाकलं, "मेंढीच्या खताचे तोटे." तर तोटेच तोटे, आणि वर तेच पान.

रेश्मा मॅगी खात माझी गंमत बघत होती. "अगं बये, तू जे मागशील तेच ते देणार. दुकानात जाऊन लाल साडी दाखवा म्हटलीस तर तो निळी कशाला काढील?"

"मग खरं कुठं मागायचं?"

"खरं मागायचं बटन न्हाई त्याला," ती म्हणाली. "त्याला फक्त कळतं लोकांनी काय जास्त उघडलं, कशात तुझे शब्द जास्त आलेत. खरं-खोटं तू बघायचं."

आज मी हे लिहिते तेव्हा शोधायला गेलं की पानांच्याही वर यंत्रच तयार उत्तर लिहून देतं. छान, सुबक, आत्मविश्वासानं. माझ्याकडं सल्ला विचारायला येणारी शेतकऱ्यांची पोरं तेवढंच वाचून येतात आणि मला सुनावतात. मी त्यांना एकच विचारते, हे कोणी लिहिलं, कुठल्या जमिनीबद्दल लिहिलं, आणि तो तुला काही विकतोय का? पोरं चिडतात. चिडू देत.

तर त्या दिवशी मी ते पान पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. विकासनं तसं वाचलं नव्हतं, पुढं पाठवणाऱ्या कोणीच वाचलं नसावं, आणि सोपानरावांच्या घरी मीही वरचं तेवढंच वाचलं होतं. खाली बऱ्याच ओळी गेल्यावर एक वाक्य आलं: "बर्फ वितळल्यानंतर लगेच शेतात ताजे खत टाकू नये." मी थांबले. परत वाचलं. रेश्माला बोलावलं. ती म्हणाली, "बर्फ?" आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की घरमालकीणबाई खालून ओरडल्या. ओतूरला बर्फ, आळेफाट्यावर बर्फ, कुकडीच्या कालव्यात बर्फ! सोपानराव कानटोपी घालून फावड्यानं बर्फ ओढतायत असं चित्र रेश्मानं वहीच्या मागं काढलंसुद्धा.

हसून झाल्यावर तिनं मला एक युक्ती दाखवली. ते बर्फाचं वाक्य जसंच्या तसं अवतरणचिन्हांत घालून शोधायचं. मग यंत्र त्याच शब्दांचं, त्याच क्रमाचं तेवढं काढून देतं. काढलं. पानामागून पान. वेगवेगळी नावं, वेगवेगळे रंग, कुठं शेतकरीमित्र, कुठं कृषिज्ञान, पण आत तेच वाक्य, तोच बर्फ. विकासला वाटलं होतं दहा जण एकच सांगतायत म्हणजे खरं असणार. प्रत्यक्षात सांगणारा एकच होता आणि बाकीच्यांनी उतरवून काढलं होतं. एका शहाण्यानं तर बर्फाची ओळ गाळून बाकी सगळं तसंच ठेवलं होतं. त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. त्याला चूक कळली होती.

मूळ इंग्रजीत असणार हे उघड होतं. पण इंग्रजीत शोधायला गेले तर परसबागेच्या जाहिराती. पुढचे दोन-तीन दिवस मी शब्द बदलत राहिले. जाहिरातीची पानं वगळून फक्त अहवालाच्या फायली मागितल्या, सरकारी खात्यांच्या तेवढ्या मागितल्या, आणि पहिल्या पानावर थांबायचं सोडून दिलं. अखेर एका थंड देशाच्या शेतीखात्याचं जुनं पत्रक सापडलं. त्यात बर्फ होता, आणि तिथं तो शोभत होता. हिवाळाभर गोठ्यात बंद ठेवलेल्या मेंढ्यांचं कच्चं खत, बर्फ गेल्या गेल्या थेट पालेभाजीवर टाकू नका, असं ते सांगत होतं. आणि लगेच पुढं लिहिलं होतं की लागवडीच्या पुष्कळ आधी हेच खत मातीत मिसळलं तर हरकत नाही. मराठी करणाऱ्यानं पुढची ओळ घेतलीच नव्हती. कांद्याचं, मूळकुजीचं तर त्यात नावच नव्हतं. ते त्यानं पदरचं घातलं होतं.

शेवटच्या वर्षाला आम्हाला एक प्रकल्प लिहावा लागायचा. त्याच्या सरांना मी हे सांगितलं आणि हाच विषय मागितला, तेव्हा ते म्हणाले, "हुशार आहेस. पण एवढी उठाठेव कशाला? चार साइट बघ, उतरवून आण, मी सही करतो. सगळे तेच करतात." मी म्हणाले, "सर, ते पानही असंच चार साइट बघून झालंय." त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि विषय मंजूर केला. बहुतेक मी खोलीतून जावं म्हणून.

इथं थांबले असते तर सगळं गोड झालं असतं. पण आता मला चटक लागली होती. ज्याला आम्ही बसवणं म्हणतो त्याला अभ्यास करणारे काय म्हणतात ते एका लेखात सापडलं, त्या लेखाच्या शेवटी कोणाकोणाचा आधार घेतला ती नावं होती, आणि त्यांतले जुने अहवाल नेटवर नव्हतेच. कोणी चढवलेच नव्हते. नेटवर नाही म्हणजे जगातच नाही, असं मला तोवर खरंच वाटायचं. ते अहवाल पुण्याच्या एका ग्रंथालयात होते. एसटीनं गेले. तिथल्या माणसानं कपाट उघडलं, धूळ झटकली, मला शिंका आल्या. आपल्याच कोरडवाहू मुलखातलं, आपल्याच मेंढरांचं लिहिलेलं होतं. मेंढरं बसवलेल्या रानाचं पीक जोमदार. मूळकुजीशी संबंध दिसला नाही. आणि त्याखाली साध्या शब्दांत: कळप बी धरलेल्या गवतात चरून आलेला असेल तर लेंड्यांतून ते बी वावरात येतं आणि तण वाढतं.

मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. विकासचं अर्धं खरं होतं. बर्फवाल्या चोराचंही अर्धं खरं होतं, त्याला स्वतःला ठाऊक नसताना. घरी येऊन आबांना विचारलं तर ते उसळले. "तण? आपल्या मेंढरांनी? कोण म्हणतं?" मग मी गावात आणखी तीन-चार शेतकऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, येतं की थोडं. आबा म्हणायचे बसवलेल्या रानाचा कस तीन वर्षं टिकतो. शेतकरी म्हणाले, दोन पिकं टिकतो. माझ्या बापाला वाचता येत नसलं तरी मेंढरं त्याची होती. खत विकणाऱ्या पानाला मी जो प्रश्न विचारला तोच मला घरातही विचारावा लागला. ते जड गेलं.

आम्ही परत पिंपळवंडीला गेलो. मी कागद छापून नेले होते. विकास ओट्यावर बसला होता, सोपानराव आणि मंदाकाकू शेंगा फोडत होते. मी म्हणाले, "विकासभाऊ, तुमच्या मोबाइलमधलं ते पान काढा आणि खालपर्यंत मोठ्यानं वाचा." त्यानं वाचायला सुरुवात केली. बर्फाशी आला आणि अडखळला.

"वाचा ना," मी म्हणाले.

"बर्फ वितळल्यानंतर..." त्यानं मान वर केली.

मंदाकाकूंनी शेंगांची पाटी बाजूला केली. "कुठला बर्फ रं? गेल्या साली तू मला स्वेटर आणला तो याच्यासाठीच व्हय?"

सोपानराव हसून हसून खोकायला लागले. आबाही हसले, दिवाळीनंतर पहिल्यांदा. मी सगळे कागद एकामागून एक मांडले, कुठून कुठं काय आलं ते दाखवलं. विकास तसा सरळ मुलगा. खाली मान घालून बघत राहिला, मग म्हणाला, "मग सगळंच खोटं का?"

आबा माझ्याकडं बघत होते. एक हो म्हणायचं बाकी होतं.

"न्हाई," मी म्हणाले. "मूळकुजीचं खोटं. जमीन नासण्याचं खोटं. तणाचं खरं हाय."

आबांचा चेहरा उतरला तो मला आजही दिसतो. विकास म्हणाला, "म्हंजे माझं अर्धं खरं. मंग अर्ध्या वावरात बसवा. अर्धं मोकळं ठेवू. बघू काय व्हतंय ते."

आबा उठून उभे राहिले. "अर्ध्या वावरात? एवढी सालं बसवली, आता मी काय परीक्षेला बसू?"

"व्हय आबा," मी म्हणाले. "बसायचं."

माझ्या घरात बापाला असं बोलायची रीत नव्हती. आबा तरातरा मोटरसायकलकडं गेले. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी किक मारली नाही. तिथूनच ओरडले, "सोपानराव, येत्या सोमवारी येतो. अर्ध्यात!"

त्या वर्षी चाकणच्या बाजाराला मेंढरं गेली नाहीत. आबांनी व्यापाऱ्याला कांदा निघेपर्यंत थांब म्हणून सांगितलं. मी दर आठवड्याला पिंपळवंडीला जायचे, दोन्ही अर्ध्यांतली रोपं उपटून मुळं बघायचे, वजनं करायचे, तण मोजायचे. कांदा निघाला तेव्हा बसवलेल्या अर्ध्यातला अंगानं भरलेला निघाला, कोणी न सांगताही ओळखू येईल असा. मूळकूज दोन्हीकडं सारखीच, तुरळक. तण मात्र बसवलेल्या अर्ध्यात जास्त होतं, आणि ते मंदाकाकूंच्या कंबरेनं मोजलं होतं. "तुझ्या मेंढरांनी मला एक खुरपणी जास्तीची लावली," त्या म्हणाल्या. "मोठी लिहिणारी झालीस ना? मंग ते बी लिही." सोपानराव म्हणाले, "पुढल्या साली सगळ्या वावरात बसवा, धोंडीभाऊ. फक्त यायच्या आधी दोन दिस कळप बिनगवताच्या रानात काढा, म्हंजे पोटातलं बी तिकडंच पडंल." आसपासचे दोघे तिघे कांदा बघायला येऊन गेले होते. तेही विचारायला लागले.

प्रकल्प जमा करायच्या आदल्या दिवशी दुपारी मी तो घरी आबांना वाचून दाखवला. आई तिळकूट कुटत होती, मुसळाच्या ठोक्यात माझा आवाज बुडू नये म्हणून मधेमधे थांबत होती. भरलेल्या कांद्याचं वाचलं तेव्हा आबांनी मांडीवर थाप मारली. एका वावरावरून, एका सालावरून सगळ्या तालुक्याचं ठरवता येत नाही, असं मी लिहिलं होतं. त्यावर त्यांनी नाक मुरडलं. मग तणाचं आलं. जास्तीच्या खुरपणीचं आलं, ती करणाऱ्या मंदाकाकूंच्या नावासकट.

"ह्ये काढ," आबा म्हणाले.

"न्हाई काढायचं."

"अगं, आत्ता कुठं लोक परत बोलवाय लागलेत. ह्ये वाचलं तर पुन्हा नको म्हणतील. माझ्याच मेंढरांवर माझ्याच पोरीनं लिहायचं?"

"आबा, विकास वाचणार हाय ह्ये. मंदाकाकू त्याच्या शेजारीच बसलेल्या असणार. खुरपणीचं न्हाई दिसलं तर त्या काय म्हणतील? आणि मग कांद्याचं तरी कोण खरं मानील?"

आईचं मुसळ थांबलं होतं. आबांनी टोपी काढली, गुडघ्यावर आपटली, परत घातली. बाहेर गेले. मेंढरांत त्यांचा आवाज आला, कोणालातरी रागावत होते, बहुतेक मलाच, पण मेंढीच्या नावानं. मी कागद हातात धरून बसून राहिले. काढणार नव्हते. मेंढरं विकली गेली असती तरी काढलं नसतं, हे तेव्हा मला पक्कं कळलं, आणि त्याची भीतीही वाटली.

बऱ्याच वेळानं आबा दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. चौकटीला टेकून, तोंड अंगणाकडं ठेवूनच म्हणाले, "एकच खुरपणी जास्तीची लागली ना? दोन तर न्हाई लिहिल्यास?"

"एकच."

"मंग वाच पुढं."